एक तास सात मिनिटांचं खोटं

फोनवर मराठीत 'जळगाव ते कोल्हापूर विमानाने किती वेळ' असं शोधलंत, तर वरच्या चार-पाच उत्तरांत एक पान येतं. त्यावर लिहिलेलं असतं : 'जळगाव ते कोल्हापूर हवाई अंतर ४९८ किमी आहे. विमान प्रवासाला १ तास ७ मिनिटे लागतात.' खाली महाराष्ट्राचा नकाशा, त्यावर जळगावपासून कोल्हापूरपर्यंत ओढलेली निळी रेघ आणि रेघेच्या मधोमध एक छोटंसं विमान. त्याखाली हॉटेलांच्या जाहिराती.

पान नीटनेटकं आहे. मोबाइलवर दोन सेकंदांच्या आत उघडतं. अडचण एवढीच, की जळगावहून कोल्हापूरला थेट विमान जात नाही. रोज नाही, आठवड्यातून एकदाही नाही.

हे पान मी बनवलेलं आहे. आज मला त्या पानाविरुद्ध लिहायचं आहे. त्यात माझी चूक आहेच, ती मी लपवणार नाही. पण हे खोटं एकट्या माझं नाही. ज्या पद्धतीनं मी ते पान बनवलं, त्याच पद्धतीनं आपल्याकडे विमानतळांची उद्घाटनं होतात, भाषणं होतात आणि 'कनेक्टिव्हिटी'चे आकडे छापले जातात.

पान कसं बनतं

मी जळगावचा. तिथेच इंजिनिअरिंग केलं, मग पुण्यात नोकरी. दुसरी नोकरी लागली ती प्रवासाशी संबंधित वेबसाइट चालवणाऱ्या एका कंपनीत. काम असं : लोक गुगलवर जे काही शोधू शकतात, त्या प्रत्येक प्रश्नासाठी एक पान आधीच तयार करून ठेवायचं. माणसानं लिहायचं नाही, कोडनं लिहायचं. एक साचा बनवायचा आणि त्यात गावांची नावं भरत जायची.

विमानतळांच्या जोड्या या कामासाठी फार सोयीच्या. भारतातले दीडशे विमानतळ घेतले तरी १५० गुणिले १४९, म्हणजे २२,३५० पानं होतात. प्रत्येक पानावर एक अंतर आणि एक वेळ. अंतर काढायला हॅवरसाइन नावाचं सूत्र आहे. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश द्यायचे, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरायची, की गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर मिळतं. जळगाव-कोल्हापूरचं ते ४९८ येतं. पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. ते हिशेबात धरलं तर ४९६ येतं. आमच्या टीमनं या दोन किलोमीटरवर दोन दिवस घातले. व्हाइटबोर्डवर आकृत्या काढल्या, एकमेकांना लिंका पाठवल्या. शेवटी 'चालतंय' म्हणून ४९८ ठेवलं.

वेळेचं सूत्र तर एका ओळीचं. अंतर भागिले ८००, अधिक अर्धा तास. ४९८ भागिले ८०० म्हणजे सदतीस मिनिटं. त्यात तीस मिळवली की एक तास सात मिनिटं.

त्या दोन दिवसांत एकही जण असं म्हणाला नाही, की 'पण हे विमान आहे का?' मीही नाही. आणि मी तर जळगावचा. कारण साधं होतं. अक्षांश-रेखांश फुकट मिळतात. विमानांच्या वेळापत्रकाचा डेटा विकत घ्यावा लागतो, तो दर आठवड्याला बदलतो आणि सांभाळावा लागतो. पृथ्वीची त्रिज्या बदलत नाही.

पुढची कल्पना माझी. इंग्रजीत अशी पानं करणाऱ्या साइट शेकड्यांनी आहेत, तिथे आपला नंबर लागत नव्हता. मी म्हटलं, मराठीत करू. मराठीत स्पर्धाच नाही. साच्यातली वाक्यं मीच मराठीत लिहिली. '___ ते ___ विमान प्रवासाला ___ लागतात.' महिन्याभरात आमची मराठी पानं वर आली. मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या. आपण मातृभाषेसाठी काहीतरी केलं, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं.

जुलैतली रात्र

माझ्या आईचं माहेर कोल्हापूर. लग्न होऊन जळगावला येऊन तिला तीस वर्षं झाली. शेवभाजी आणि भरीत ती आता आमच्या आजीपेक्षा चांगलं करते, पण बोलते अजून कोल्हापूरचंच. 'मी येतो', 'मी करतो' म्हणते. आमच्या गल्लीतल्या बायकांना पहिली काही वर्षं त्याचं हसू यायचं. आता त्यांतल्या दोघी-तिघी तिच्यासारखंच बोलतात.

गेल्या जुलैत एका रात्री साडेबाराच्या सुमारास माझा थोरला मामा गेला. झोपेतच, हार्ट अटॅकनं. एक वाजता मामेभावाचा आईला फोन आला. आईनं फोन ठेवला, थोडा वेळ बसली आणि मग कुठल्याही माणसानं आज जे केलं असतं तेच केलं. फोनवर शोधलं. तिला इंग्रजी फारसं वाचता येत नाही, म्हणून मराठीत शोधलं. माझं पान उघडलं. एक तास सात मिनिटं.

तिनं लगेच कोल्हापूरला परत फोन लावला. 'दादाला ठेवा. मी सकाळच्या विमानानं येतो. बारापर्यंत पोचतो.'

तिकडे सगळे थांबले. शवपेटी आणली. मामीनं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, बहीण जळगावहून विमानानं येतेय. इकडे आईनं बॅग भरली, पप्पांना थोडं झोपायला लावलं आणि उजाडायची वाट बघत बसली. मला रात्री उठवलं नाही, कारण मला सकाळी लवकर मीटिंग असते हे तिला माहीत होतं. पावणेसहाला फोन केला. 'तेवढं विमानाचं तिकीट काढून दे रे.'

मी अंथरुणात बसूनच तिला विचारलं, कुठलं विमान? ती म्हणाली, ते एक तास सात मिनिटांचं.

त्या दिवशी जळगावहून मुंबईचं विमान नव्हतं. हैदराबादचं होतं, पण ते धरून पुढे कोल्हापूरचं मिळणार नव्हतं. महाराष्ट्र एक्स्प्रेस जळगावला संध्याकाळी येते आणि कोल्हापूरला दुसऱ्या दिवशी दुपारी पोचते. राहिली गाडी. ओळखीच्या ड्रायव्हरला उठवून साडेसहाला ते दोघं निघाले. अजिंठ्याचा घाट, संभाजीनगर, नगर, पुणे. पुण्यात मी गाडीत बसलो. पाऊस होता, आणि पुण्याच्या पुढे महामार्गाचं काम सुरू होतं. कराडच्या अलीकडे मामेभावाचा फोन आला. साडेचार वाजले होते. 'आत्या, अंधार पडायच्या आत न्यायला पाहिजे. आम्ही पंचगंगेवर निघालोय.'

आम्ही रात्री आठला पोचलो. साडेतेरा तास.

आता हिशेब करा. आईला फोन आला तेव्हा एक वाजला होता. तिनं ते पान बघितलंच नसतं, तर ती तेव्हाच गाडी काढून निघाली असती. दीडला निघून साडेतेरा तासांनी, म्हणजे दुपारी तीनला पोचली असती. साडेचारला मामाला नेलं. माझ्या पानानं तिचे पाच तास खाल्ले, आणि तिला साडेतीनच तास कमी पडले.

मामी नंतर कुणाला तरी म्हणाली, विमानानं येतो म्हणाली म्हणून थांबलो, आणि आली रात्री. रागानं म्हणाली नसेल. पण आईच्या कानावर ते आलं. तीस वर्षं माहेरी तिचा शब्द खरा मानला जायचा.

आकड्यात काय काय खोटं होतं

कामावर परत आल्यावर मी ते पान एखाद्या बगसारखं उघडून बघितलं. एका वाक्यात किती चुका आहेत ते मोजलं.

पहिली चूक वेगाची. ताशी ८०० किलोमीटर हा मोठ्या जेट विमानाचा उंचीवरचा वेग. जळगावच्या धावपट्टीवर प्रामुख्यानं एटीआर-७२ सारखं पंख्याचं, सत्तरएक आसनांचं विमान उतरतं. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. म्हणजे उद्या थेट विमान सुरू झालं, तरी एक तास सात मिनिटांत ते पोचणार नाही. दीड तास धरा.

दुसरी चूक रेघेची. विमान नकाशावरच्या रेघेवरून जात नाही. वारा असेल त्याप्रमाणे धावपट्टीच्या एका टोकाकडून उडतं, ठरलेल्या बिंदूंवरून जातं, हवाई दलाच्या ताब्यातलं आकाश टाळतं, उतरताना पुन्हा वळसा घेतं. छोट्या प्रवासात हे वळसे प्रमाणानं जास्त भरतात.

तिसरी चूक दारापासून दारापर्यंतची. जळगावचा विमानतळ कुसुंब्याजवळ, कोल्हापूरचा उजळाईवाडीला. दोन्ही शहराच्या बाहेर. काउंटर बंद व्हायच्या आत पोचायचं, सुरक्षा तपासणी, वाट बघणं, सामान, रिक्षा. हे कुठल्याच सूत्रात नाही.

चौथी चूक वाटेतल्या मोठ्या शहराची. थेट विमान नसेल तर मुंबईवरून जावं लागतं. जळगाव-मुंबई सरळ अंतर साधारण ३५६ किलोमीटर, मुंबई-कोल्हापूर ३०९. बेरीज ६६५, म्हणजे सरळ रेघेपेक्षा तिसरा हिस्सा जास्त. हैदराबादवरून गेलात तर जळगाव-हैदराबादच ५०८ किलोमीटर भरतं. कोल्हापूर जेवढं दूर, त्याहून जास्त दूर आधी भलत्याच दिशेला जायचं आणि मग तिथून आणखी ४४५ किलोमीटर परत पश्चिमेला यायचं. एकूण ९५३. महाराष्ट्रातल्या एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला तेलंगणाची राजधानी बघून यायची.

पाचवी चूक मला सगळ्यात मोठी वाटते, कारण ती कुणीच मोजत नाही. ती आहे थांबण्याची. समजा एखादं विमान सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा आहे. तुमच्यावर वेळ कधीही येऊ शकते, माणूस वार बघून मरत नाही. तर पुढच्या विमानासाठी सरासरी किती थांबावं लागेल? दोन दिवसांची दोन अंतरं, तीन दिवसांचं एक. गणित केलं तर उत्तर येतं साधारण २९ तास. रोज एक विमान असेल तर हेच १२ तास होतात. म्हणजे आठवड्यातून तीनदा जाणाऱ्या विमानाचा खरा प्रवासवेळ दीड तास नाही, तीस तासांच्या वर आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेस मनमाड, दौंड, पुणे, मिरज करत सुमारे आठशे किलोमीटर फिरून जाते, पण रोज जाते. सरासरी थांबण्यासकट हिशेब केला तर ती जवळपास विमानाच्या बरोबरीला येते.

आणि सहावी चूक व्याकरणाची. ती माझी एकट्याची. मी लिहिलं होतं, 'लागतात'. लिहायला हवं होतं, 'लागले असते'. मराठीत या दोन शब्दांत स्पष्ट फरक आहे, तो पहिलीतल्या पोरालाही कळतो. 'लागतात' म्हटलं की विमान आहे. 'लागले असते' म्हटलं की विमान नाही. मी वर्तमानकाळ वापरला आणि नसलेलं विमान उडवलं.

हाच साचा सरकारी

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, एका फालतू वेबसाइटचा राग तू कुठे नेतोयस? तर पुढे वाचा.

जळगाव विमानतळाचं उद्घाटन २०१२ साली झालं, तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते. मी तेव्हा शाळेत होतो, आम्ही सगळे खूश होतो. त्यानंतर 'उडान'मधलं पहिलं विमान उडालं डिसेंबर २०१७ मध्ये, एअर डेक्कनचं अठरा आसनांचं, मुंबईला जाणारं. ते फार काळ टिकलं नाही. २०१९ मध्ये ट्रूजेट आली, २०२२ पर्यंत तीही बंद पडली. २०२४ मध्ये फ्लाय नाइन्टीवन आणि अलायन्स एअर आल्या आणि पुणे, गोवा, हैदराबाद, मुंबई अशी नावं पुन्हा फलकावर दिसायला लागली. चांगलं आहे. पण या सगळ्या वर्षांत जळगावला 'विमानतळ आहे' हे वाक्य खरंच होतं. विमान नव्हतं तेव्हाही खरं होतं.

कोल्हापूरचा विमानतळ तर १९३९ सालचा, राजाराम महाराजांच्या काळातला. त्याचीही सेवा अनेकदा सुरू झाली, अनेकदा बंद पडली. २०१८ नंतर मात्र तो बऱ्यापैकी चालू लागला आणि २०२४ मध्ये त्याला नवी टर्मिनल इमारत मिळाली.

'उडान' योजना २०१६ ची. पहिलं विमान एप्रिल २०१७ मध्ये उडालं. हवाई चप्पल घालणाऱ्यालाही विमानात बसता यावं, ही घोषणा. साधारण ५०० किलोमीटर किंवा एका तासाच्या प्रवासाला काही ठरावीक जागांसाठी २,५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. कंपनीचा तोटा भरून काढायला तीन वर्षं सरकारी मदत. जळगाव-कोल्हापूर ४९८ किलोमीटर. जणू याच जोडीसाठी मर्यादा ठरवली होती.

या योजनेचं काय झालं हे माझ्या मनाचं सांगत नाही. २०२३ मध्ये कॅगचा अहवाल आला. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग कंपन्यांना दिले गेले होते. त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. आणि मदत संपल्यावरही, मार्च २०२३ मध्ये चालू होते ते ५४. सातशे चौऱ्याहत्तरातले चोपन्न, म्हणजे शंभरातले सात.

तरी भाषणांत कुठला आकडा येतो? २०१४ साली देशात ७४ विमानतळ होते, दहा वर्षांत ते दीडशेच्या वर गेले. आकडा खरा आहे. माझे ४९८ किलोमीटरही खरेच होते. विमानतळ मोजणं हे अक्षांश-रेखांश मोजण्यासारखं आहे : एकदा बांधला की तो जागेवरून हलत नाही, फीत कापली की संपलं. विमान रोज उडतं की नाही हे रोज बघावं लागतं, त्याला खर्च येतो आणि त्याचं उत्तर दर आठवड्याला बदलतं. म्हणून आमच्या टीमनं सोपं ते मोजलं. सरकारही सोपं तेच मोजतं.

तीन उत्तरं, तिन्ही लंगडी

मी ऑफिसात तिकीट टाकलं. ज्या जोडीवर नियमित विमान नाही, त्या पानावर पहिल्या ओळीत तसं लिहा, आणि वेळेच्या जागी काहीही दाखवू नका. यावर मला तीन उत्तरं मिळाली. हीच तीन उत्तरं विमानतळांबद्दल बोलतानाही मिळतात, म्हणून ती इथे देतो.

पहिलं : 'खाली बारीक अक्षरात लिहिलंय की, हे अंदाजे अंतर आहे.' हो, लिहिलंय. इंग्रजीत. साच्याचा तेवढा भाग मराठी करायचा राहून गेला होता. पण मराठीत असता तरी काय? 'अंदाजे' म्हणजे दहा मिनिटं इकडे-तिकडे. अंदाजे म्हणजे अजिबात नाही, असा अर्थ कुठल्याच भाषेत होत नाही.

दुसरं : 'लोकांना माहीत असतं रे. तिकीट काढायला गेले की कळतंच.' कुणाला माहीत असतं? तुम्हाला-मला, जे दर दोन महिन्यांनी विमानात बसतात. ज्या माणसानं आयुष्यात विमान लांबूनच बघितलंय, त्याला गावाजवळ विमानतळ आहे एवढं माहीत असतं. त्या गावात विमानतळ आहे, हेही माहीत असतं. मधे विमान असणार, असं त्यानं धरलं तर तो मूर्ख नाही. एस.टी.बद्दल आपण तसंच धरतो. दोन गावांत स्टँड असतील तर कुठून तरी बदलून का होईना, पण त्याच दिवशी पोचता येतं, हा एस.टी.नं आपल्याला दिलेला विश्वास आहे. माझी आई तोच विश्वास घेऊन त्या पानावर आली होती.

तिसरं उत्तर जास्त शहाणं वाटतं : 'मागणीच नाही. जळगावहून कोल्हापूरला रोज सत्तर माणसं विमानानं जाणार आहेत का?' कदाचित नाही जाणार. मी जळगाव-कोल्हापूर थेट विमान मागतच नाहीये. चाळीस रिकाम्या खुर्च्या घेऊन उडणारं विमान सरकारनं पैसे देऊन उडवावं असं मला वाटत नाही, आणि ते पैसे संपले की काय होतं ते वरच्या आकड्यांत आहेच. पण 'मागणी नाही' म्हणताना आपण मागणी कशावर मोजतो? आठवड्यातून तीनदा, आज आहे उद्या नाही, अशा सेवेवर कुणी लग्नाची, ऑपरेशनची, मुलाखतीची तारीख ठरवत नाही. सेवा बेभरवशाची, म्हणून माणसं नाहीत. माणसं नाहीत, म्हणून सेवा बंद. मग म्हणायचं, बघा, मागणी नव्हती. शिवाय मुंबईच्या विमानतळावर एका वेळी एकच धावपट्टी वापरता येते, उतरायच्या वेळा मिळणं अवघड असतं आणि छोट्या गावांच्या वाट्याला उरलेल्या वेळा येतात. त्यामुळे जळगावचं विमान आणि कोल्हापूरचं विमान मुंबईत एकमेकांना भेटत नाहीत. हा भूगोलाचा प्रश्न नाही. वेळापत्रक कुणासाठी आखलं जातं, याचा प्रश्न आहे.

मग मोजायचं काय

१८८१ साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज माणसानं एक नकाशा छापला. लंडनहून निघालं तर जगात कुठे किती दिवसांत पोचता येतं, ते रंगांनी दाखवलेलं. दहा दिवसांच्या आतला भाग एका रंगाचा, वीस दिवसांचा दुसऱ्या, असं करत चाळीस दिवसांच्या पलीकडचा वेगळा. त्यात किलोमीटर नव्हते, मैलही नव्हते. त्या काळच्या बोटी आणि आगगाड्या धरून माणूस प्रत्यक्षात कधी पोचेल, एवढंच होतं. तेव्हा ना कॉम्प्युटर होता, ना उपग्रह. तो नकाशा कागदाच्या वेळापत्रकांतून आणि पत्रव्यवहारातून माहिती गोळा करून काढलेला होता.

आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात त्याहून हजारपट ताकदीचं यंत्र आहे. आणि ते आपल्याला सरळ रेघ दाखवतं.

माझं म्हणणं साधं आहे. ते दोघांना लागू आहे, वेबसाइट चालवणाऱ्यांना आणि विमानतळ बांधणाऱ्यांना. दोन गावांतलं अंतर सांगायचं असेल, तर हे सांगा : आत्ता या क्षणी घराबाहेर पडलेला माणूस तिकडच्या घरात किती वाजता पोचेल? थांबणं धरून, बदलणं धरून. विमानानं, रेल्वेनं, एस.टी.नं, गाडीनं, ज्यानं लवकर पोचेल त्यानं. जळगाव-कोल्हापूरसाठी त्या रात्री एक वाजता याचं उत्तर होतं : 'गाडीनं, उद्या दुपारी तीन. लगेच निघा.' एवढं वाक्य दाखवायला जो डेटा लागतो, तो विकत मिळतो. तो घेतला जात नाही, कारण जाहिरात दोन्ही वाक्यांखाली सारखीच विकली जाते.

सरकारनंही हेच करावं. विमानतळांची संख्या सांगू नये. प्रत्येक जिल्ह्याच्या गावाहून राज्यातल्या दुसऱ्या प्रत्येक जिल्ह्याच्या गावाला पोचायला सरासरी किती तास लागतात, तो तक्ता दरवर्षी छापावा. ते तास कमी झाले तर फीत कापावी. मला खात्री आहे, असा तक्ता छापला तर पुष्कळदा सगळ्यात स्वस्त उपाय विमान हा निघणारच नाही. कुठे महाराष्ट्र एक्स्प्रेस दोन तास लवकर पोचवणं निघेल. कुठे जळगाव-संभाजीनगर रस्ता एकदाचा नीट करणं निघेल. कुठे मुंबईत दोन विमानांची वेळ जुळवणं, एवढंच निघेल. पण ते कळायला आधी खरा आकडा समोर हवा.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचताय, तुमच्यातले बरेच माझ्यासारखं काम करत असणार. साचे लिहीत असणार, त्यात गावांची, औषधांची, योजनांची, कर्जांची नावं भरत असणार. मराठीत करू, स्पर्धा नाही, असं तुमच्यापैकी कुणीतरी आज मीटिंगमध्ये म्हणेल. स्पर्धा नाही याचा दुसरा अर्थ असा, की वाचणाऱ्याला पडताळून बघायला दुसरं पान नाही. इंग्रजीत चुकीचं लिहिलं तर खाली दहा बरोबर उत्तरं असतात. मराठीत तुमचं एकच असतं, आणि रात्री एक वाजता एखादी बाई त्याच्यावर विश्वास ठेवते.

माझं तिकीट अजून उघडं आहे. त्या पानांवर लोक येतात, म्हणून ती काढायची नाहीत, असं ठरलं आहे. मला फक्त एक गोष्ट परवानगीशिवाय करता आली. मराठी साच्यातली वाक्यं माझ्याच नावावर आहेत, त्यातला एक शब्द मी बदलला. या महिन्यापासून त्या पानावर लिहिलेलं दिसेल : 'जळगाव ते कोल्हापूर थेट विमान असते, तर प्रवासाला सुमारे दीड तास लागला असता.' ज्या ज्या जोडीवर विमान नाही हे मला हातानं तपासता आलं, तिथे मी हे केलं आहे. आतापर्यंत महाराष्ट्रातल्या जोड्या झाल्या. बाकीच्या हजारो पानांवर अजून 'लागतात'च आहे.

आईला मी अजून सांगितलेलं नाही की, ते पान माझं होतं. ती मराठीतलं सगळं वाचते, हेही वाचेल. आई, तू त्या दिवशी वहिनीला खोटं सांगितलं नव्हतंस. खोटं मी लिहिलं होतं.